तळं हिरवं का पडतं? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं तळ्यांची होती. मेलेले मासे, जलपर्णी, हिरवं पाणी, गाळ, गणेश विसर्जन असे विषय वेगवेगळे दिसले, तरी बहुतेकांचं मूळ एकच आहे. शेवाळ आणि जलपर्णी यांचं खत असलेले नत्र आणि स्फुरद (नायट्रोजन आणि फॉस्फरस) तळ्यात सतत येत राहतात आणि बाहेर फारसं काही जात नाही. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : गावतळ्यात ग्रामपंचायतीने मत्स्यबीज सोडलं होतं. जूनमध्ये तीन दिवस आभाळ भरलेलं होतं, मग रात्री मोठी सर आली. सकाळी कटला आणि रोहू पोटं वर करून तरंगत होते. कुणीतरी औषध कालवलं असा गावात संशय आहे. खरं कसं ओळखायचं? (सोलापूर जिल्हा)

तुम्ही दिलेला क्रम, म्हणजे आभाळ, रात्रीचा पाऊस आणि पहाटेची मर, हा प्राणवायू संपल्याचा ठरलेला क्रम आहे. संशयावरून गावात भांडण पेटण्याआधी पुढच्या खुणा तपासा.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू दोन वाटांनी येतो. थोडा हवेतून, आणि हिरव्या तळ्यात बराचसा शेवाळाकडून. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र माशांसारखंच तेही श्वास घेतं. त्यामुळे प्राणवायू दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी. तीन दिवस ऊन पडलं नाही तर दिवसाची भरती होत नाही आणि रात्रीचा खर्च चालूच राहतो. त्यात उन्हाळ्यातलं पाणी गरम असतं. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात.

पाऊस शेवटचा घाव घालतो. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, तळाचं गार आणि जड असे थर पडलेले असतात. तळाशी गाळ कुजत असल्याने तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. पावसाचं थंड पाणी खाली उतरतं, थर मोडतात आणि तळाचं नासकं पाणी वर येतं. पहिल्या लोटाबरोबर रस्त्यावरचं शेण, कचरा आणि गटारातला साका येतो, तोही कुजताना प्राणवायू खातो. प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की कार्पजातीचे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करतात. २ च्या खाली फार वेळ राहिला तर मरतात.

आता खुणा. प्राणवायू कमी पडला असेल तर मर पहाटे होते, आधी मोठे मासे जातात, आणि मेलेल्यांची तोंडं उघडी व कल्ले फाकलेले असतात. सर्वांत पक्की खूण म्हणजे मरळ आणि मागूर जिवंत राहतात, कारण त्यांना थेट हवेतून श्वास घेता येतो. कीटकनाशक असेल तर वेळेचा नियम नसतो, लहान मासे आधी जातात, मासे वेडेवाकडे पोहतात, आणि पाणकिडे, झिंगे, बेडकाची पिल्लंही मरतात. मरळ मेले असतील तर मात्र विषाची शंका गांभीर्याने घ्या. नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवा, दोन-तीन ठिकाणचं पाणी स्वच्छ काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. दुसऱ्या दिवशी सडलेला मासा नेऊन काही कळत नाही.

पुन्हा मासे वर येऊन हापापताना दिसले तर पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. रात्री दोनपासून सूर्य वर येईपर्यंत पंप चालू ठेवा. खाद्य आणि शेणखत लगेच बंद करा. चुना मात्र घाईने टाकू नका. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याचा सामू (पीएच) आधीच चढलेला असतो, चुन्याने तो आणखी चढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. २५ अंशांना सामू ८ असेल तर अमोनियाचा साधारण ५ टक्केच भाग विषारी मुक्त रूपात असतो. सामू ९ झाला की तो भाग तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होतो.

प्रश्न : नगरपालिकेने तलावाचं पाणी तपासून घेतलं. नमुना दुपारी तीनला घेतला. विरघळलेला प्राणवायू ११, सामू ९.३, बीओडी १४ असा अहवाल आला. प्राणवायू भरपूर आहे म्हणून पाणी उत्तम, असं सांगितलं जातं. ते बरोबर आहे का? (सातारा जिल्हा)

नाही. हा आजारी तलावाचा अहवाल आहे.

३० अंशांच्या आसपास साडेसात मिलिग्रॅम मावणाऱ्या पाण्यात ११ सापडतो, याचा अर्थ शेवाळ जोरात प्राणवायू तयार करतंय आणि पाणी अतिसंपृक्त झालंय. सामू ९.३ हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढून घेतं, म्हणून सामू चढतो. याच ठिकाणी सकाळी सहाच्या आत नमुना घ्या, आकडा २ किंवा ३ आला तर नवल वाटू देऊ नका. दुपार आणि पहाट यांच्यातला फरक जितका मोठा, तितकं तळं अतिपोषित.

बीओडी म्हणजे पाण्यातला सेंद्रिय माल खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर ३ दिवस अंधारात ठेवून ते काढतात. जुन्या पुस्तकांत २० अंश आणि ५ दिवस असं दिसेल, तीही मान्य पद्धत आहे. दोन अहवालांची तुलना करताना पद्धत कोणती होती ते आधी विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीयोग्य पाण्यासाठी बीओडी ३ किंवा कमी आणि प्राणवायू ५ किंवा जास्त लागतो. तुमचा १४ त्याच्या चौपटीहून वर आहे. घरगुती कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो, तेव्हा गटार तलावात मिसळतं का, ते काठाने चालून पाहाच.

पुढच्या वेळी हे मागा : पहाटेचा आणि दुपारचा असे दोन नमुने, पृष्ठभागाचा आणि तळाजवळचा प्राणवायू वेगळा, एकूण स्फुरद आणि अमोनिया. प्राणवायूसाठीची बाटली ३०० मिलिलिटरची, आत एकही बुडबुडा नको, आणि मॅंगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड ही दोन द्रावणं तळ्याकाठीच घातलेली हवीत. साध्या बाटलीत भरून गाडीतून चार तास हिंडवलेल्या नमुन्याचा प्राणवायू कागदावर लिहिण्याच्या लायकीचा नसतो.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी पोकलेन लावून जलपर्णी काढतात. दोन महिन्यांत तलाव पुन्हा भरतो. चुकतंय कुठे? (पुणे)

दोन ठिकाणी चुकतंय. काढणी अर्धवट होते, आणि तिला पोसणारं पाणी थांबत नाही.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. ती धावत्या खोडांवर नवी रोपं काढत पसरते आणि अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. हिशोब करा. तलावातली ९० टक्के काढली, १० टक्के राहिली. दोन आठवड्यांनी २०, चार आठवड्यांनी ४०, सहा आठवड्यांनी ८०. सातव्या आठवड्यात तलाव भरला. म्हणजे कंत्राटदाराने काम नीट करूनही दोन महिन्यांत तेच चित्र दिसणार. मोठ्या काढणीनंतर दर आठवड्याला होडीतून उरलेली रोपं हाताने वेचणं हे खरं काम आहे, आणि नेमका त्याचाच पैसा निविदेत धरलेला नसतो. काढणी फुलं येण्याआधी व्हायला हवी. बी चिखलात १५-२० वर्षं जिवंत राहतं आणि पाणी उतरलं की रुजतं.

काढलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्या पावसात त्याचा रस पुन्हा तलावात उतरतो. तणनाशक फवारणं त्याहून वाईट. सगळा हिरवा माल एकदम मरून तळाशी जातो, कुजताना प्राणवायू संपवतो, आणि त्यातलं नत्र-स्फुरद पाण्यातच राहतं. पुढच्या पिढीला खत तयार!

खत करायचं तर असं करा. जलपर्णीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून आधी ५-७ दिवस पाण्यापासून दूर पसरून सुकू द्या, मग ५-१० सेंटिमीटरचे तुकडे करा. वीतभर थर जलपर्णीचा, त्यावर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट, मग दोन-तीन बोटं शेणकाला, असं रचत दीड मीटर रुंद आणि मीटरभर उंच ढीग करा. ओलावा इतका की मूठ दाबली तर थेंब दिसावा, धार नको. ढिगाच्या पोटात ५५ अंशांच्या वर तापमान निदान तीन दिवस टिकलं पाहिजे, नाहीतर बी मरत नाही. दर पंधरवड्याला ढीग पालटा, बाहेरचा भाग आत घ्या. नुसती जलपर्णी रचली तर ढीग चिखलासारखा बसतो, हवा जात नाही आणि दुर्गंधी सुटते. पाचट त्यासाठीच हवं. मात्र तलावात कारखान्यांचं पाणी येत असेल तर हे खत भाजीपाल्याला घालू नका. ही वनस्पती शिसं, कॅडमियम, क्रोमियम मुळांत साठवते. असं खत रस्त्याकडेच्या झाडांना द्या.

तिच्यावर जगणारे सोंडकिडे १९८० च्या दशकात भारतात मुद्दाम आणले गेले. ते उपयोगी आहेत, पण संथ. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी त्यांच्या खाण्याच्या वेगाला पुरून उरते. आणि पोकलेनने दरवर्षी सगळं उचललं की किडेही ट्रकमध्ये जातात.

प्रश्न : जिवाणूंची पावडर टाकली आणि कारंजं लावलं की तलाव कायमचा स्वच्छ होतो, असा एक प्रस्ताव आमच्या सोसायटीपुढे आहे. घ्यावा का? (ठाणे)

कारंज्याने प्राणवायू वाढतो, हे खरं. रात्री चालवलं तर मासे वाचतात, शोभेसाठी फक्त संध्याकाळी चालवलं तर फारसा उपयोग नाही. जिवाणूंनी सेंद्रिय माल लवकर कुजतो, वास कमी होतो, हेही शक्य आहे. पण स्फुरद वायू होऊन उडून जात नाही. जिवाणूने खाल्ला तर तो जिवाणूच्या अंगात राहतो, जिवाणू मेला की पाण्यात परत येतो. नत्राचा काही भाग तरी वायुरूपाने हवेत जातो, स्फुरदाला ती वाट नाही.

स्फुरदाचं महत्त्व कॅनडात ओंटारिओच्या प्रायोगिक सरोवर क्षेत्रात १९७३ मध्ये ठसठशीत दिसलं. संशोधक डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने २२६ क्रमांकाचं सरोवर मधोमध प्लास्टिकच्या पडद्याने दुभागलं. एका भागात कर्ब आणि नत्र घातलं, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाच्या भागात काही आठवड्यांत नीलहरित शेवाळाची दाट साय आली, पलीकडचा भाग जवळजवळ होता तसाच राहिला. वरून काढलेलं त्याचं छायाचित्र अनेक पाठ्यपुस्तकांत आहे.

म्हणून प्रस्ताव देणाऱ्याला एकच विचारा : वर्षाला किती किलो स्फुरद तलावातून बाहेर निघेल आणि कोणत्या वाटेने? गाळ उपसून, वनस्पती कापून, मासे धरून किंवा सांडपाणी वळवून असं उत्तर आलं तर पुढे बोला. आणि पैसे आधी सांडपाण्याची नळी वळवण्यावर खर्च करा. तरीही फरक लगेच दिसेल असं नाही. तळाशी प्राणवायू नसला की गाळात लोहाशी बांधलेला स्फुरद सुटून वर येत राहतो. जुन्या तलावात हे काही वर्षं चालतं.

प्रश्न : बारावीला परिसंस्था शिकवते. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवरच्या सजीवांचं वजन एकावर एक मांडलं की होतो तो जैववस्तुमानाचा मनोरा पाण्यात उलटा असतो, हे मुलांना पटत नाही. खाणारे वजनाने जास्त आणि अन्न कमी, हे कसं? (नांदेड)

मुलांची शंका रास्त आहे, कारण बहुतेक पुस्तकं काळाचा उल्लेख करत नाहीत. नेहमी दिलं जाणारं उदाहरण इंग्लिश खाडीचं आहे. तिथे चौरस मीटरमागे वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) ४ ग्रॅम, तर त्यांवर जगणारे प्राणी २१ ग्रॅम. हे एका क्षणी मोजलेलं वजन आहे. वनस्पतिप्लवक एक-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात. प्राणी मात्र आठवडे, महिने जगतात, म्हणून त्यांचं वजन साठलेलं दिसतं. किराणा दुकानात एका वेळी मांडलेला माल थोडा असतो, पण वर्षभरात तिथून अख्खी आळी जेवते, तसंच हे.

फळ्यावर गणित घाला. ४ ग्रॅम शेवाळ रोज ४ ग्रॅम नवं तयार करत असेल तर महिन्याला १२० ग्रॅम अन्न झालं. दहा टक्के पुढच्या पायरीला गेलं तरी १२ ग्रॅम. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटा होत नाही, कारण तो ठरावीक काळातला प्रवाह मोजतो. दहा टक्क्यांचा आकडाही ढोबळ सरासरी आहे, निसर्गात तो बराच खालीवर होतो. परीक्षेत गणितासाठी वापरा, पण तो अटळ नियम म्हणून शिकवू नका.

प्रश्न : शाडू मिळाला नाही म्हणून प्लास्टरची मूर्ती आणली. अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवल्यावर उरलेलं पाणी तळ्यात ओतलं तर चालेल ना? (नाशिक)

नाही, तळ्यात किंवा नदीत अजिबात ओतू नका. ही पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणली आणि घरच्या घरी करायला ती चांगली आहे. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याची बायकार्बोनेटशी प्रक्रिया होऊन तळाशी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. हे अमोनियम सल्फेट म्हणजे दुकानातलं नत्रखत, त्यात २१ टक्के नत्र असतं. समीकरणाने हिशोब केला तर १ किलो मूर्तीमागे साधारण पाऊण किलो अमोनियम सल्फेट, म्हणजे दीडशे ग्रॅमहून जास्त नत्र तयार होतं. शंभर घरांनी हे तळ्यात ओतलं तर तळ्याला खताचं एक पोतंच दिल्यासारखं झालं, आणि चढ्या सामूच्या पाण्यात तो अमोनिया माशांना थेट मारतो.

मूर्तीच्या वजनाइतकंच अमोनियम बायकार्बोनेट घ्या. मूर्ती पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या. हार, कापड, दागिने आधी काढा. बादली गच्चीवर किंवा अंगणात ठेवा, न्हाणीघरात नको, कारण अमोनियाचा वास डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. दर दोन-तीन तासांनी काठीने ढवळा. लहान मूर्तीला साधारण दोन दिवस लागतात. मूर्ती जाड आणि भरीव असेल तर वर खडूचा थर बसून आतलं प्लास्टर तसंच राहतं. तो थर खरवडत राहावं लागतं.

वरचं पाणी निवळून घ्या आणि एका मगाला निदान २०-२५ मग साधं पाणी मिसळून बागेतल्या झाडांच्या आळ्यांत थोडं थोडं द्या. न मिसळता दिलं तर मुळं जळतात. तळाचा साका वाळवून वेगळा ठेवा आणि संकलन केंद्रावर द्या. मूर्तीच्या रंगात जड धातू असू शकतात, म्हणून पालेभाजीच्या वाफ्यात यातलं काहीच नको.

प्रश्न : ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेतून तलाव खोल केला, चारी बाजूंनी दगडी पिचिंग केलं. पाणी वाढलं, पण पक्षी आणि मासे दोन्ही कमी झाले. का? (भंडारा जिल्हा)

गाळ काढला हे चांगलंच झालं. त्यातून साठलेला स्फुरद तलावाबाहेर जाऊन शेतात कामी येतो, म्हणजे दोन्हीकडे फायदा. नुकसान काठ उभे केल्याने झालं. तळ्यातला बहुतेक जीवव्यवहार उथळ काठावर, जिथे उजेड तळापर्यंत पोहोचतो, तिथे चालतो. पाणकणीस, लव्हाळे, कुमुद तिथे वाढतात. माशांची पिल्लं त्यात लपतात, चतुर आणि टाचण्या या कीटकांची पिल्लं तिथेच डासांच्या अळ्या खातात. तुतारी, शेकाट्या या पक्ष्यांना वीतभराहून कमी पाणी आणि ओला चिखल लागतो. कमळपक्ष्याला पसरलेली पानं लागतात. तीन मीटर खोल पाण्याला भिडलेल्या दगडी भिंतीवर यातलं काहीच जमत नाही.

आता दुरुस्ती. निदान दोन बाजूंना पिचिंग काढून माती भरा आणि उतार इतका मंद ठेवा की मीटरभर खोल जायला सहा-आठ मीटर चालावं लागेल. खोदाई मधल्या भागातच करा, काठ शिवू नका. तळाचा चिकणमातीचा थर फोडून मुरूम लागेपर्यंत खोदलं तर पाणी झिरपून जातं, तेव्हा मुरूम दिसू लागला की यंत्र थांबवा. गाळ शेतात नेताना हलक्या, मुरमाड जमिनीलाच न्या. आधीच भारी काळी जमीन असेल तर निचरा बिघडतो.

तुमच्याच भागात माजी मालगुजारी तलावांवर (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांवर) मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाने हे काम करून दाखवलं आहे. त्यांनी बेशरम हे काठावर माजणारं झुडूप उपटून काढलं, तळाची नांगरट केली आणि तळाशी वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो याचं ज्ञान त्या लोकांकडे आहे. कंत्राट काढण्याआधी त्यांना बोलवा. सायप्रिनस आणि चिलापी हे बाहेरचे मासे सोडणं थांबवा. सायप्रिनस तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, नव्या रोपांची मुळं उपटतो.

प्रश्न : डासांसाठी विहिरीत आणि तळ्यात गप्पी मासे सोडावेत का? (रत्नागिरी)

बंद टाकीत, कारंज्याच्या हौदात सोडा. नैसर्गिक तळ्यात, झऱ्यात, ओढ्याला जोडलेल्या विहिरीत सोडू नका. गप्पीही बाहेरचा आणि डासांसाठीच सोडला जाणारा गॅम्बुसिया मासाही बाहेरचा. गॅम्बुसिया मूळ उत्तर अमेरिकेतला, भारतात १९२८ मध्ये इटलीहून आणला. तो अळ्यांबरोबर स्थानिक माशांची आणि बेडकांची अंडी-पिल्लंही खातो. कोकणात डोक्यावर चकाकता ठिपका असलेला छोटा स्थानिक मासा जवळपास प्रत्येक ओहोळात मिळतो, तो पृष्ठभागावर राहून अळ्या खातो. त्याच ओढ्यातला आणा, दुसऱ्या नदीखोऱ्यातला नको.

प्रश्न : लोणार गुलाबी झालं तेही प्रदूषणामुळेच का? (बुलढाणा जिल्हा)

२०२० च्या जूनमधला तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा होता, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत ते दिसलं. पाणी आटून क्षारता वाढली की हे जीव गुलाबी रंगद्रव्य बनवतात, पाऊस पडून पाणी पातळ झालं की रंग ओसरतो. लोणारचं पाणी मुळातच खूप अल्कधर्मी आहे. तिथला खरा धोका वेगळा आहे : गोडं सांडपाणी आत शिरलं तर या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातच जगणारी सृष्टी बदलून जाईल.

प्रश्न : शाळेत पाण्याची तपासणी करायची आहे, उपकरणांना पैसे नाहीत. (कोल्हापूर जिल्हा)

पाणी किती पारदर्शक आहे ते मोजणारी सेकी तबकडी बनवा. इटलीच्या अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये समुद्रात वापरलेली पद्धत आजही चालते. २० सेंटिमीटर व्यासाची लोखंडी पत्र्याची किंवा जाड ॲक्रिलिकची तबकडी घ्या, चार समान भाग करून आलटूनपालटून काळा-पांढरा रंग द्या. रंग चकचकीत नको. मधोमध भोक पाडून न ताणणारी दोरी बांधा, खाली अर्धा किलो वजन. दोरीवर दर १० सेंटिमीटरला खूण करा. सुती दोरी भिजली की लांबी बदलते, नायलॉनची वेणीदार घ्या.

सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात, होडीच्या किंवा घाटाच्या सावलीच्या बाजूने तबकडी सोडा. दिसेनाशी झाली ती खोली लिहा, वर ओढताना पुन्हा दिसली ती लिहा, दोन्हींची सरासरी घ्या. शिक्षक हजर असल्याशिवाय मुलांनी काठावर जाऊ नये. दर आठवड्याला तीच जागा, तीच वेळ, शक्यतो तेच डोळे. सोबत पाण्याचा रंग लिहायला विसरू नका. ३० सेंटिमीटर खोली तपकिरी पाण्यात आली तर ती पावसाळी गाळाची, हिरव्या पाण्यात आली तर शेवाळाची. हिरव्या पाण्यात आकडा २० च्या खाली गेला की त्या आठवड्यात पहाटे मासे वर येतात का ते पाहा, आणि ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा.